सोलापूरचे आभाळ आणि लोकांचा कौल

१९७२ चा दुष्काळ सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. रोजगार हमीवर खडी फोडून, सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे गावोगाव आहेत. त्याच वर्षी जुलैत अमेरिकी पत्रकार सेमूर हर्श यांनी एक बातमी फोडली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे लष्कर हो ची मिन्ह मार्गावरच्या ढगांत रसायने सोडून पाऊस पाडत होते. शत्रूची रसद चिखलात रुतावी, हा त्यामागचा हेतू. सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी हे प्रकरण लावून धरले आणि पाच वर्षांत २,६०२ उड्डाणे झाल्याचे १९७४ मध्ये लष्कराला कबूल करावे लागले. हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७८ मध्ये अमलात आला, तो या उघड चर्चेमुळेच. भारतही त्यात आहे. शांततेच्या कामासाठी मात्र हा करार आडकाठी करत नाही.

आपल्याकडे हे तंत्र पहिल्यापासून तहानेच्या पोटी आले. १९७३ ते १९८६ या काळात बारामती परिसरात ११ पावसाळे प्रयोग झाले. पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये, म्हणजे जिल्हा पुन्हा दुष्काळात होरपळत असताना, सोलापूरवर तोच प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. विमानाच्या पंखांना नळकांडी लावलेली. ढगाच्या तळाशी, जिथे हवा वर खेचली जाते, तिथे ती पेटवायची. धुरातले कॅल्शियम क्लोराइडचे कण बाष्प ओढून घेतात, थेंब फुगतात, मोठे थेंब लहानांना गिळत खाली येतात. काही ढग मुद्दाम कोरे सोडले होते. तसे केल्याशिवाय वाढलेला पाऊस विमानाचा की निसर्गाचा, हे ठरवता येत नाही.

२०२३ मध्ये निष्कर्ष आले: सुमारे १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के वाढ, खर्च लिटरमागे १८ पैसे. आकडा किरकोळ वाटतो. पण १० हजार लिटरच्या टँकरला हाच हिशेब १,८०० रुपये होतो. शिवाय टँकर वस्तीच्या दारात उभा राहतो. हा पाऊस कुणाच्या रानात पडेल, ते वारा ठरवतो. हा हिशेब सांगोल्याच्या डाळिंबवाल्यापुढे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यापुढे मांडायलाच हवा. पाण्याचा हिशेब त्यांच्याइतका बारकाईने दुसरे कुणी करत नाही.

शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले, असेच माझे मत आहे. उणीव आहे ती आपल्या सार्वजनिक व्यवहारात. पावसाने दडी मारली की ‘विमान आलं नि ढग पळवले’ अशी आवई उठते. लोकांना अडाणी म्हणून ती थांबत नाही. विमान का, कधी, कुठे उडाले हे आधी सांगितले तर थांबते. अमेरिकेत असे प्रयोग सरकारला कळवणे १९७१ च्या कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही.

आता हा विषय एका जिल्ह्यापुरता उरलेला नाही. कृत्रिम पावसाचे क्षेत्र ५५ लाख चौरस किलोमीटरपर्यंत नेण्याचे चीनने २०२० मध्ये जाहीर केले. केंद्राच्या २,००० कोटींच्या ‘मिशन मौसम’मध्येही हवामानात हस्तक्षेप करण्याचे तंत्र आहे. सीमेवरचे काही तपशील गुप्त ठेवावे लागतील, हे मान्य. पण माढ्यावरच्या ढगांत गुप्त ठेवण्यासारखे काय आहे?

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळमधली उभी पिके आणि जनावरे नेली. त्या आठवड्यात आभाळात प्रयोगाचे विमान असते, तर ते थांबवण्याचा अधिकार कोणाला होता? नुकसानीचे पंचनामे कोणी केले असते? पुढचा प्रयोग मंजूर होण्याआधी जिल्हा परिषदेत यावर जाहीर सुनावणी व्हावी आणि उड्डाणांची नोंद प्रत्येक तहसील कचेरीत मराठीत लावावी.