शाब्बासकीची पेशी

गेल्या शुक्रवारी माझी एक स्टोरी परत आली. तीन आठवडे खपून लिहिलेली. मेलमध्ये दोनच ओळी, त्यातल्या एकीत माझं नाव चुकलेलं. मग काय, लॅपटॉप बंद, फोन सायलेंटवर आणि मी गादीवर आडवी.

माझी रूममेट प्राणिशास्त्रवाली. तिला सहानुभूती दाखवता येत नाही, किडे मात्र दाखवता येतात. ‘‘ए, हरलेला रातकिडा अस्साच बसतो,’’ ती म्हणाली. ‘‘दोन नर भिडतात, एक हरतो आणि मग काही तास कुणाच्या वाटेलाच जात नाही. पण त्याला हवेत उडवला ना, की पुन्हा भांडायला तयार!’’

मला वाटलं, फेकतेय. पण खरं निघालं. चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी लावणाऱ्यांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. २००० साली जर्मनीतल्या संशोधकांनी ती प्रयोगात तपासली आणि पुढे यामागचं रसायनही सापडलं. ऑक्टोपामाइन! त्याचा रस्ता अडवला, की उडून आलेला रातकिडाही ढिम्म.

नाव ऑक्टोपसवरून आलंय. १९४८ मध्ये व्हिटोरिओ एर्स्पामर या इटालियन शास्त्रज्ञाला ते ऑक्टोपसच्या लाळग्रंथीत मिळालं. आपल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचं हे सख्खं भावंड, रचनेत एका छोट्या गटाचा काय तो फरक. डेडलाइनच्या रात्री आपली छाती धडधडवणारं काम आपल्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन करतं, किड्यांत ऑक्टोपामाइन.

ते सोडणाऱ्या पेशी मात्र भारी आहेत. किड्याच्या शरीरात बहुतेक गोष्टी जोडीने, डावी-उजवी. यातल्या बऱ्याच पेशी मात्र एकट्या, भांगासारख्या बरोब्बर मधोमध. पेशीतून एक धागा निघतो, त्याला दोन फाटे फुटतात आणि ते दोन्ही बाजूंना जातात. म्हणजे एकीने हाक दिली, की डावा-उजवा दोन्ही पाय सावध. टोळाच्या मागच्या पायात अशीच एक पेशी पोचते. ती स्वतः लाथ मारत नाही हं! लाथेचा हुकूम दुसऱ्या चेतापेशीचा. ही फक्त स्नायूवर ऑक्टोपामाइन शिंपडते, मग तोच हुकूम जोरात बजावला जातो आणि स्नायू सैलही लवकर पडतो. प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतो बघा, स्वतः फाइल उघडत नाही, पण तो आला की सगळ्यांचे हात भराभर चालतात.

आणि आता माझी फेव्हरिट, मधमाशीची. मिशीला साखरपाणी लागलं, की मधमाशी सोंड बाहेर काढते. आधी वास आणि लगेच साखर असं केलं, तर ती शिकते आणि पुढे नुसत्या वासावर सोंड काढते. बर्लिनच्या मार्टिन हामरने १९९३ मध्ये साखर दिलीच नाही. वास दिला आणि लगेच मधमाशीच्या सुमारे दहा लाख चेतापेशींपैकी फक्त एक, विजेने चेतवली. मधमाशी शिकली! एका पेशीने ‘गोड आहे गं’ म्हटलं आणि मेंदूने विश्वास ठेवला. तीच पेशी आधी चेतवून वास मागाहून दिला, तर मात्र शिकणं शून्य. शाब्बासकी कामानंतरच हवी, हे एचआरला कोणीतरी सांगा.

अजून एक गंमत. वास ओळखीचा झाला, की पेशी वासालाच उसळते. मागून येणाऱ्या साखरेचं मग तिला फारसं कौतुक उरत नाही. ठरलेल्या इन्क्रिमेंटचं लेटर उघडताना आपलं काय होतं, आठवा!

(फळमाशीत हे प्रकरण जरा गुंतागुंतीचं निघालं. २०१२ मध्ये दिसलं, की तिथे ऑक्टोपामाइन गोडाचा निरोप डोपामाइनच्या पेशींकडे पोचवतं. तिथेही मधला माणूस आहेच.)

मी रातकिडा नाही, मला कबूल आहे. तरी त्या रात्री रूममेटने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि रिकाम्या रस्त्यावरून सुसाट नेलं. परत आल्यावर साडेअकराला लॅपटॉप उघडला, स्टोरीचा पहिला पॅरा उडवला आणि ती दुसऱ्या संपादकांकडे धाडून दिली. उत्तर अजून यायचंय.