हप्ता महिन्याला, पीक हंगामाला

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की तालुक्याच्या रस्त्याला प्लॉटचे बोर्ड उगवतात. "तीन लाख भरा, बाकी हप्त्याने. जमीन कधी तोट्यात जात नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे. जमीन जागेवरच राहते, बुडतो तो मालक.

नुसतं बोलण्यापेक्षा हिशोब मांडू. प्लॉट दहा लाखांचा. तीन लाख रोख, सात लाख कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो महिन्याला साधारण १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. त्या भावानं २७ क्विंटल झालं. एकरी आठ क्विंटल धरलं तर जवळजवळ साडेतीन एकरांचं सगळं पीक हप्त्यात गेलं. बी, खत, फवारणी, मजुरी अजून धरलेलीच नाही. आणि हमीभाव मिळाला तर, बरं का!

सात वर्षांत त्या सात लाखांचे दहा लाख भरले. सुरुवातीचे तीन लाख आणि मुद्रांक शुल्क-नोंदणीचे साठ-सत्तर हजार मिळवा. प्लॉट पावणेचौदा लाखांना गेला तर कुठं बरोबरी. तोवर त्यावर गाजर गवताशिवाय काही उगवत नाही, भाडंही नाही.

खरी गोम वेगळीच आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता झेपतो. आपला पैसा हंगामाला येतो, तोही पाऊस आणि बाजार यांच्या मर्जीनं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यावेत असं त्यात लिहिलंय. बिलाची वाट बघणाऱ्यांना त्याचा अर्थ मी सांगायला नको.

मग हप्ता थकू नये म्हणून काय होतं? पीककर्ज भरायचं राहतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य टक्के पडतं. तारीख चुकली की ती सवलत गेली. पुढच्या पेरणीला पैसा नाही, म्हणून सावकाराकडं शेकडा तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. प्लॉट राहिला बाजूला, शिवार गेलं गहाण.

कोणी म्हणेल, "बापजाद्यांनी जमीन घेतली म्हणूनच आज उभे आहोत." बरोबर. पण त्यांनी पिकणारी जमीन घेतली होती. दुसऱ्या वर्षी ती दाणे देत होती.

"मग शेतकऱ्यानं शेतीबाहेर पैसा गुंतवूच नये का?" गुंतवावा, जरूर गुंतवावा. सगळं एकाच पिकावर ठेवणं धोक्याचंच आहे. पण क्रम पाळा. आधी पीककर्ज नील. मग एका पूर्ण हंगामाचा शेतीखर्च आणि घरखर्च बँकेत बाजूला. पुस्तकातले "सहा महिने" आपल्याला पुरत नाहीत, एक पीक हातचं गेलं तरी दुसरं पेरता आलं पाहिजे. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विमा असतो, हे ध्यानात ठेवा. मग घरच्यांचा आरोग्य विमा. एवढं झाल्यावर जो पैसा पाच-सात वर्षं लागणार नाही, त्याचाच प्लॉट. जमलं तर रोखीनं.

रोखीनं घेतानाही नोटरीच्या कागदावर भुलू नका. त्यानं मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि फेरफार हवा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागते. अशा प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. कोणी मागितली तर तिथूनच माघारी फिरा.

कृषी अधिकारी आणि सल्लागार मंडळींनाही विनंती आहे. खताचा डोस सांगता, तसा हा हिशोबही बांधावर सांगा. हप्त्यापायी पेरणी चुकली तर तुमची शिफारस कागदावरच राहते.

पटत नसेल तर जरूर भांडा, पण आपापल्या पिकाचे आकडे मांडून.