खुडूक नव्हे, आजारी

गेल्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून हैदराबादला जाऊन आलो. आमची आत्या तिथे सुलतान बाजारात राहते. लग्न होऊन ती गोव्यातून गेली त्याला आता पन्नास वर्षे होतील. पूर्वी या भागाला रेसिडेन्सी बाजार म्हणत. आता वरून मेट्रो धावते आणि खाली कापडाची दुकाने. विवेकवर्धिनीसारखी १९०७ सालची मराठी शिक्षणसंस्था याच परिसरातली, त्यामुळे आत्याला आपण परमुलखात आहोत असे कधी वाटलेच नाही. सवयी मात्र गोव्याच्याच राहिल्या. मागीलदारच्या एवढ्याशा अंगणात तिने एक कोंबडी पाळली होती. तिचे नाव तांबडी.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "अरे, तांबडीचं काहीतरी बिनसलंय. रोज दार उघडायच्या आधी हजर असते. आज हाक मारली तेव्हा उठली."

मी जाऊन पाहिले. पिसे फुलवून कोपऱ्यात बसली होती, दाण्याकडे बघत नव्हती. मी म्हटले, "आत्या, खुडूक झाली असेल. उद्या बघू."

'उद्या बघू' हे आम्हा कारकुनांच्या तोंडचे वाक्य. पंचवीस वर्षे तेच म्हणत आलो आहे. पण माझे चुकले, ते इथेच.

खुडूक कोंबडी आणि आजारी कोंबडी लांबून सारख्याच दिसतात. दोघीही फुलून बसतात, दोघीही खाणे कमी करतात, दोघींची अंडी बंद होतात. फरक जवळ गेल्यावर कळतो. खुडूक कोंबडीकडे हात नेला की ती गुरगुरते, टोच मारते. आजारी कोंबडीला कोण आले, कोण गेले याची पर्वा नसते. तांबडीने मला खुशाल हात लावू दिला आणि मला वाटले, किती गरीब आहे बिचारी! अंगाला हात लावून ताप बघावा म्हटले तर तेही फसवे. कोंबडीचे अंग मुळातच ४१ अंशांच्या वर असते, त्यामुळे धडधाकट कोंबडीही आपल्या हाताला गरमच लागते.

आत्याने वेगळेच केले. तिने तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. ही पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. तांबडीची पिशवी सकाळीही घट्ट गोळ्यासारखी होती. आत्या शाळा फारशी शिकलेली नाही, पण रोज सकाळी त्या कोंबडीकडे बघणारी तीच होती. कोंबडी दुखणे लपवते, कारण कळपात दुबळ्या कोंबडीला बाकीच्या टोचतात. एकटी पाळली तरी तिची ती खोड जात नाही. आपल्याला दुखणे दिसते तोवर ते बरेच पुढे गेलेले असते. म्हणून आजाराची लक्षणे पाठ करण्याआधी आपली कोंबडी बरी असताना कशी असते ते ठाऊक हवे. तुरा किती लाल असतो, विष्ठा कशी असते, दाण्यावर पहिली कोण येते. तुरा फिका किंवा निळसर पडला, विष्ठा हिरवी-पातळ झाली, चोच उघडून श्वास घेऊ लागली, मान वळली, तर उद्यापर्यंत थांबायचे नाही.

आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी धावाधाव केली. एका ठिकाणी ऐकावे लागले, "एका कोंबडीसाठी आलात? कापून टाका की." आणि हे कुठे, तर ज्या शहरात राजेंद्रनगरला केंद्र सरकारची कुक्कुट संशोधन संस्था आहे तिथे! परसात पाळण्यासाठी तिथे तयार झालेल्या 'वनराजा' आणि 'ग्रामप्रिया' देशभर गेल्या. आमची तांबडीही ग्रामप्रियाच. शेवटी एका तरुण डॉक्टरने तिला तपासायला घेतले, पण रात्रीच ती गेली. पिशवीत दोऱ्यांचा गोळा निघाला. कापडबाजारातला केर वाऱ्याने अंगणात येतो, तो तिने टिपला होता.

एका कोंबडीचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. दोऱ्याचा गोळा शेजारच्या कोंबडीला लागत नाही हे खरे. पण राणीखेत, जिला आपण मानमोडी म्हणतो, ती लागते. आणि आपल्याकडची रीत काय? शेजारची खुराडी रिकामी होऊ लागली की आपल्या कोंबड्या घाईघाईने कापायच्या, नाहीतर बाजारात नेऊन विकायच्या. म्हणजे रोग आपल्याच हाताने पुढच्या गावाला पोचवायचा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. मग आपण अंगणात उभे राहून कसे ठरवणार?

तेव्हा पिल्लू आठवड्याचे असताना लासोटाची लस आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास दुसरी, एवढे तरी चुकवू नये. आजारी कोंबडी खाऊ नये, विकू नये. मेलेली उघड्या हाताने उचलून ओहोळात फेकू नये, चुना टाकून खोल पुरावी. एकापाठोपाठ एक मरू लागल्या तर मात्र हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. आणि खात्यातल्या माझ्या बांधवांना एवढेच सांगणे, की एकच कोंबडी घेऊन आलेल्या म्हातारीला हसू नका. साथीची पहिली खबर कदाचित तीच घेऊन आलेली असेल.

निघताना आत्या मला काही बोलली नाही. "तू आलास तेव्हा ती जिवंत होती, पाहिलीस तरी," एवढेच म्हणाली. ते बोलणे काही केल्या डोक्यातून जात नाही.