इंग्रजीची सक्ती सरकारची, शिकवणी चर्चची

नवी दिल्ली : अमेरिकेतील अनेक लहानमोठ्या शहरांत आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात टेबले मांडली जातात. एका बाजूला निवृत्त शिक्षिका, परिचारिका, दुकानदार असे स्वयंसेवक बसतात. दुसऱ्या बाजूला दिवसभराचे काम आटोपून आलेले मेक्सिको, ग्वाटेमाला, अफगाणिस्तान किंवा काँगोतील स्थलांतरित. डॉक्टरांना दुखणे कसे सांगावे, घरमालकाशी भाडेकराराविषयी कसे बोलावे, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी कशी वाचावी, हे तेथे बहुधा विनामूल्य शिकवले जाते. या वर्गांची परंपरा दीड शतकाहून जुनी आहे. २०२५ पासून मात्र त्यांच्यावर एकाच वेळी दोन बाजूंनी ताण आला आहे. सरकारने इंग्रजीची अपेक्षा वाढवली आणि त्याच सरकारने चर्चच्या दाराशी असलेले संरक्षणही काढून घेतले.

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १ मार्च २०२५ रोजी कार्यकारी आदेश काढून इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा घोषित केले. देशाच्या इतिहासात संघराज्याच्या पातळीवर असे प्रथमच घडले. इंग्रजी अपुरे येणाऱ्या नागरिकांना सरकारी सेवा समजतील अशा रीतीने पुरवाव्यात, असा बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीतील २००० सालचा आदेश त्याच वेळी रद्द झाला. अन्य भाषांतील सेवा ताबडतोब बंद करण्याचे बंधन सरकारी यंत्रणांवर घालण्यात आले नाही. परंतु दिशा स्पष्ट झाली. इंग्रजीवर पुरेसे प्रभुत्व नसलेल्यांची संख्या अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक आहे. त्यांच्या दृष्टीने हा केवळ प्रतीकात्मक निर्णय नव्हता.

पुढील महिन्यांत ही दिशा व्यवहारातही उतरली. व्यावसायिक ट्रकचालकांना इंग्रजी येणे कायद्याने पूर्वीपासून आवश्यक होते, पण २०१६ पासून त्या कारणावरून चालकाला रस्त्यावरच थांबवले जात नसे. एप्रिल २०२५ मधील आदेशानंतर ही सवलत संपली आणि जूनच्या अखेरीपासून इंग्रजी न येणाऱ्या चालकांना सेवेतून बाजूला काढण्यास सुरुवात झाली. या व्यवसायात मोठ्या संख्येने असलेल्या पंजाबी चालकांना त्याची थेट झळ बसली. २० ऑक्टोबर २०२५ पासून नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्यांची परीक्षाही कठीण झाली. पूर्वी शंभर प्रश्नांच्या संचातून दहा विचारले जात आणि सहा बरोबर आले की पुरे होत असे. आता १२८ प्रश्नांच्या संचातून वीस विचारले जातात आणि बारा अचूक यावे लागतात. ही परीक्षा, ठरावीक वय आणि वास्तव्याच्या सवलती सोडल्यास, इंग्रजीतच द्यावी लागते.

मागणी वाढली, पुरवठा डळमळला

भाषा सक्तीची करायची तर ती शिकवण्याची सोयही वाढायला हवी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट घडले. प्रौढशिक्षणासाठी राज्यांना दरवर्षी १ जुलै रोजी मिळणारा संघराज्याचा निधी २०२५ मध्ये रोखून धरण्यात आला. सत्तर कोटी डॉलरहून अधिक असलेली ही रक्कम तीव्र टीकेनंतर महिनाअखेरीस मोकळी झाली. तथापि २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात प्रशासनाने हा निधीच संपवण्याची शिफारस केली. प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या सामुदायिक महाविद्यालयांना आणि ग्रंथालयांना या निधीचा मोठा आधार असतो. तो अनिश्चित झाला की शिकू इच्छिणाऱ्याला घराजवळचे चर्चच दिसते, कारण तेथे शुल्क नाही, प्रवेशपरीक्षा नाही आणि पुष्कळ ठिकाणी वर्ग चालू असताना लहान मुलांना सांभाळण्याचीही सोय असते.

या सोयीच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. नोकरीत उपयोगी पडेल इतकी भाषा प्रौढ वयात आत्मसात करायला शेकडो तासांचा सराव लागतो. आठवड्यातून एक-दोन तास भरणारा वर्ग ओळखीचे दार उघडतो. त्यापुढची वाट विद्यार्थ्याला स्वतःच चालावी लागते. स्वयंसेवक तळमळीचे असले तरी त्यांपैकी अनेकांना भाषाशिक्षणाचे औपचारिक प्रशिक्षण नसते आणि तेथील उपस्थितीला सहसा मान्यताप्राप्त प्रमाणपत्राचे मोल नसते. सरकारी व्यवस्थेला पूरक म्हणून हे वर्ग उत्तम ठरतात. तिची जागा घेण्याइतकी त्यांची शक्ती नाही.

सेवा की धर्मप्रसार?

या वर्गांविषयीचा सर्वांत जुना प्रश्न हेतूचा आहे. त्याचे उत्तर सर्व चर्चना एकसारखे लागू होत नाही. कॅथलिक चर्चशी संलग्न सेवासंस्था इंग्रजीच्या वर्गांकडे निर्वासितांच्या पुनर्वसनाचा आणि समाजसेवेचा भाग म्हणून पाहतात. त्यांत धर्मशिक्षण नसते. मॉर्मन चर्चचा ‘इंग्लिश कनेक्ट’ हा कार्यक्रम अनेक देशांत चालतो आणि तेथील तरुण धर्मप्रचारक इंग्रजी शिकवण्याला सेवाकार्य मानतात. सदर्न बॅप्टिस्ट मंडळी साक्षरतेला उघडपणे धर्मकार्याचे अंग समजतात. ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ परंपरेतील ‘लेट्स स्टार्ट टॉकिंग’ या उपक्रमात तर लूकच्या शुभवर्तमानातील उतारेच संभाषणाच्या सरावासाठी वाचले जातात.

धर्मांतराच्या चर्चेत एक गोष्ट बहुधा निसटते. अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांपैकी बहुसंख्य आधीपासूनच ख्रिस्ती असतात. लॅटिन अमेरिकेतून आलेले अनेक जण कॅथलिक असतात आणि त्यांना शिकवणारे पुष्कळदा प्रॉटेस्टंट. त्यामुळे अशा ठिकाणी स्पर्धा धर्माधर्मांतील कमी आणि पंथापंथांतील अधिक असते. याउलट अफगाण मुस्लिम किंवा भूतानमधून आलेला नेपाळीभाषक हिंदू जेव्हा तेथे बसतो, तेव्हा प्रश्न खऱ्या अर्थाने नाजूक होतो. भाषेची गरज असलेला माणूस नकार देण्याच्या स्थितीत कितपत असतो, हा त्याचा गाभा आहे.

अमेरिकी कायद्याने येथे एक रेषा आखली आहे. चर्चने स्वतःच्या पैशाने शिकवताना प्रार्थना घेतली, तर ते त्याचे घटनादत्त स्वातंत्र्य आहे. सरकारी निधी थेट घेतला, तर मात्र धार्मिक कार्यक्रम वेळेने किंवा जागेने वेगळा ठेवावा लागतो आणि त्यातील सहभाग ऐच्छिक असावा लागतो. भारतातील काही राज्यांचा दृष्टिकोन याहून भिन्न आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात धार्मिक संस्थेच्या नामवंत शाळेतील मोफत शिक्षणाचा समावेश प्रलोभनाच्या व्याख्येत करण्यात आला आहे. एकाच कृतीकडे एक देश अभिव्यक्तीच्या आणि दुसऱ्या देशातील एक राज्य आमिषाच्या चष्म्यातून पाहते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा काढली. १८३९ मध्ये तेथील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात खळबळ उडाली. प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मोठ्या संख्येने मुलांना शाळेतून काढून घेतले. तरीही ती शाळा टिकली आणि पुढे तिच्यातूनच विल्सन महाविद्यालय उभे राहिले. तेथे शिकलेल्या बहुतेकांनी इंग्रजी घेतली, धर्म घेतला नाही. शिकवणाऱ्याचा हेतू काहीही असो, शिकणारा आपल्याला हवे तेवढेच उचलतो, हा त्या इतिहासाचा एक धडा. आणि विश्वास एकदा तडकला की वर्ग ओस पडायला वेळ लागत नाही, हा दुसरा.

जुने वर्ग, जुने द्वेष

अमेरिकेचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. १८५० च्या दशकात विल्यम स्पीअर या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी मजुरांसाठी मिशन सुरू केले. चीनमध्ये काम केलेले स्पीअर त्या मजुरांची कँटोनी भाषा जाणत होते. पुढील काही दशकांत चिन्यांसाठीच्या रविवारच्या शाळा अनेक शहरांत पसरल्या. विद्यार्थी केवळ इंग्रजीसाठी येतात, अशी तक्रार तेव्हाही होत असे आणि ती बऱ्याच अंशी खरी होती. धर्मांतरितांची संख्या अल्प राहिली. मात्र चिनीविरोधी लाट उसळली तेव्हा त्यांच्या बाजूने जाहीरपणे बोलणाऱ्या मोजक्या गोऱ्या आवाजांत स्पीअर आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक ओटिस गिब्सन यांचे आवाज होते. १८८२ चा चिनी प्रवेशबंदी कायदा त्यांना रोखता आला नाही. पण शेजारी बसून शिकवलेल्या माणसाला परका मानणे कठीण होते, हे त्यातून दिसले.

१९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे बंधनकारक केले, तेव्हा ख्रिस्ती तरुणांच्या वायएमसीए या संघटनेने पीटर रॉबर्ट्स यांच्या पद्धतीने कारखान्यांतील मजुरांना दैनंदिन व्यवहारांतून भाषा शिकवली. १९८६ च्या कायद्यानुसार सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले. त्यातील अनेकांना इंग्रजी आणि नागरिकशास्त्राचे किमान शिक्षण दाखवावे लागले, तेव्हाही चर्चची यंत्रणा पुढे आली. प्रत्येक वेळी सरकारने अट घातली आणि ती पूर्ण करण्याचा भार बऱ्याच अंशी धर्मसंस्थांनी उचलला.

दाराशी भीती

या वेळी वेगळे आहे ते वर्गात पोहोचण्याचे धैर्य. शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात स्थलांतरितांवरील कारवाई टाळण्याचे धोरण जानेवारी २०२५ मध्ये, नवे प्रशासन सत्तेवर येताच, रद्द झाले. क्वेकर पंथीयांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. कोऑपरेटिव्ह बॅप्टिस्ट फेलोशिप आणि कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचा गुरुद्वाराही त्यांच्यासोबत होता. फेब्रुवारीत मेरीलँडमधील न्यायाधीशांनी केवळ या अर्जदारांपुरते संरक्षण दिले. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमधील दुसऱ्या न्यायाधीशांनी दोन डझनांहून अधिक ख्रिस्ती आणि ज्यू संघटनांची तशीच मागणी फेटाळली.

भीतीचे मोजमाप न्यायालयीन निकालांतून होत नाही. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोचे बिशप अल्बर्टो रोहास यांनी, कारवाईच्या धास्तीने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना रविवारच्या प्रार्थनेला उपस्थित राहण्याच्या बंधनातून मुभा दिली. आयुष्यभर पाळलेला धर्माचार ज्या भीतीपुढे थांबतो, तिच्यापुढे मंगळवारच्या इंग्रजीच्या तासाचे काय होत असेल, हे सांगण्याची गरज नाही. शिवाय ज्या मार्गाने नवे निर्वासित या वर्गांपर्यंत येत, तो मार्गही आटला आहे. निर्वासितांचा प्रवेश जानेवारीत स्थगित झाला आणि एप्रिलमध्ये अमेरिकी कॅथलिक बिशपांच्या परिषदेने पुनर्वसनासाठीचे सरकारशी असलेले करार पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर केला.

भाषेवरील प्रेम आणि भाषेची परीक्षा या भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या राष्ट्राने आपली भाषा सर्वांना यावी असे म्हणणे अवाजवी नाही. तीच अपेक्षा भारतातील अनेक राज्ये परराज्यांतून आलेल्यांकडून करतात आणि त्यावरून वादही झडतात. परंतु अपेक्षेबरोबर शिकण्याची जागा, शिक्षक आणि निर्भय वातावरण द्यावे लागते. ते न देता केवळ अट घातली, तर भाषा जोडण्याऐवजी वगळण्याचे साधन ठरते.

चर्चमधील वर्गाने आपला हेतू पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावा आणि प्रार्थना न करणाऱ्यालाही तितक्याच आत्मीयतेने शिकवावे, ही त्याची जबाबदारी आहे. सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. जी भाषा त्याने देशाची अधिकृत भाषा ठरवली, ती शिकायला निघालेल्या माणसाला वाटेत अडवले जाणार नाही, एवढा भरवसा तरी त्याने द्यायला हवा. तूर्तास ती भाषा शिकवणारे स्वयंसेवक टेबले मांडून बसतात आणि समोरची किती आसने भरतील, हे त्यांच्या हातात राहिलेले नाही.