ओठावरचा ‘जर’ आणि शरीराचा पहारा

पावसाळ्यात लखनौच्या मोठ्या रुग्णालयांत पूर्व उत्तर प्रदेशातून मेंदूज्वराचे रुग्ण येऊ लागतात. ताप, झटके, बेशुद्धी. पहिला संशय जातो तो डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वरावर. त्याची लस २००६ पासून तिकडच्या मुलांना दिली जाऊ लागली. पण डॉक्टरांना आणखी एक विषाणू विसरून चालत नाही. त्याला डास लागत नाही आणि पाऊसही लागत नाही. त्याचे नाव हर्पिस सिम्प्लेक्स.

हा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार पुरळ उठले, की घरातली वडीलधारी माणसे ‘जर मुतला’ किंवा ‘पाल मुतली’ म्हणतात. तो प्रताप याच विषाणूचा. पालीचा बिचारीचा त्यात काही दोष नाही!

बहुधा लहानपणीच, कुणीतरी घेतलेल्या पाप्यातून तो अंगात शिरतो. त्वचेच्या पेशींना चाहूल लागताच त्या इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. मागोमाग पांढऱ्या पेशी येऊन बाधित पेशी मारू लागतात. काही दिवसांत खास या विषाणूसाठी तयार झालेल्या टी पेशी आणि प्रतिपिंडे येऊन मिळतात आणि पुरळ सुकते.

पण तोवर विषाणू मज्जातंतूच्या वाटेने कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या गाठीत जाऊन दडलेला असतो. मज्जापेशी एकदा मेली की सहसा पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे टी पेशी तिला मारत नाहीत, नुसत्या भोवती पहारा देतात. चोराला घरातच नजरकैदेत ठेवण्याचा हा सौदा जन्मभराचा असतो. ताप आला, लखनौच्या मे महिन्यासारखे ऊन लागले, मनावर ताण आला किंवा मासिक पाळी आली की पहारा ढिला पडतो आणि चोर जुन्याच वाटेने ओठावर येतो. म्हणून तर पुरळ बहुतेक वेळा त्याच जागी उठते.

क्वचित तो मेंदूत शिरतो. काही धडधाकट मुलांच्या मेंदूपेशींत इंटरफेरॉनचा इशारा देणारी यंत्रणाच जन्मतः अधू असते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. उपचार न झाल्यास अशा मेंदूज्वराचे दहापैकी सुमारे सात रुग्ण दगावतात. जपानी मेंदूज्वरावर नेमके औषध नाही. यावर मात्र ॲसायक्लोव्हिर आहे. संशय येताच, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर ते शिरेतून सुरू करतात. तेव्हा तापातला माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, तर ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत रात्र काढू नये.

नवजात बाळाचा पहारा तर अजून उभाच राहिलेला नसतो. बारशाला आलेल्या आत्याच्या ओठावर पुरळ असेल, तर तिने बाळाचा पापा घेऊ नये. आत्या रुसली तरी चालेल.