शिक्क्याचा कॅन आणि कायदा

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत दुधाच्या भांड्यांविषयीं जो कायदा आहे, तो दूध घालणाऱ्या आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखा आहे. तेथें डेअरीवाले आपलें चिन्ह सरकारदफ्तरीं नोंदवितात. अशा चिन्हाचा क्रेट किंवा इतर भांडें अधिकार नसतां बाळगणें, वापरणें अथवा त्यावरील चिन्ह खोडणें हा दंडसंहितेच्या ५६५ व्या कलमान्वयें गुन्हा होय. मालाची किंमत ९५० डॉलरपर्यंत असल्यास १,००० डॉलरपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

क्रेटापायीं कैद, हें ऐकून कोणासही हंसूं येईल. परंतु हिशेब मांडून पाहावा. कॅन वा क्रेट एकदां घेऊन शेंकडों वेळां फिरवावयाचा असतो. तो परत न आल्यास नवा घ्यावा लागतो, आणि तो खर्च अखेर दुधाच्या दरांतूनच निघतो. सहकारी संस्थेंत तर कॅन कोणा परक्या शेटजीचा नसून सभासदांचाच असतो. त्यांत डिझेल ठेवणारा किंवा क्रेटांत कांदे भरणारा सभासद स्वतःचाच खिसा कापतो. शिवाय डिझेलचा वास लागलेला कॅन दुधास पुन्हां उपयोगी पडत नाहीं, तें निराळेंच.

तथापि हा कायदा जसाच्या तसा येथें आणावा, असें आमचें मत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमांत चोरीचा माल बाळगणारास शिक्षा आहे. मात्र तो चोरीचा असल्याचें त्यास ठाऊक असावें किंवा तसें समजण्यास कारण असावें, आणि हेतु अप्रामाणिक असावा, अशी अट आहे. ही अट आम्हांस योग्य वाटते. रस्त्यावर पडलेल्या क्रेटावर भाजी मांडणारी बाई व गाडीभर क्रेट भंगारांत घालणारा इसम यांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे.

कायद्याआधीं दफ्तर पाहिजे. आमची हयात महसूलखात्यांत गेली. ज्याची नोंद नाहीं त्याची मालकी शाबीत करितां नाकीं नऊ येतात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. प्रत्येक कॅनावर संस्थेचें नांव व अनुक्रमांक कोरावा, गेला-आला कॅन वहींत मांडावा, व थोडी अनामत घ्यावी. मुंबईंत आरेच्या दुधाच्या कांचेच्या बाटल्या होत्या तेव्हां रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यावयाची, असा शिरस्ता होता. तो शिक्षेच्या धाकावर नव्हे, तर देवघेवीवर चाले.

येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं कॅनांची मोजदाद अवश्य मागावी. मात्र सभेस जाण्यापूर्वीं आपल्या गोठ्यांत व माळ्यावर संस्थेच्या शिक्क्याचें कांहीं पडलें आहे काय, तें पाहून घ्यावें.