मत जनतेचे, निवड कुणाची?

नगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली की म्हसवडच्या बाजारपेठेत दोन प्रश्न हमखास कानी पडतात. कोण उभे राहणार, हा पहिला. आणि 'एबी फॉर्म' कुणाला मिळणार, हा दुसरा. खरे पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या पोटातच दडलेले असते. पक्षाचा तो कागद ज्याच्या हाती पडतो, तो उमेदवार ठरतो. उरलेले नाराज होतात, बंडखोर ठरतात किंवा मुकाट्याने घरी बसतात. मतदार मतदान केंद्रावर पोहोचतो तेव्हा निवडीचा निम्मा भाग आधीच उरकलेला असतो. तो कोणी उरकला, कोणत्या बैठकीत आणि कोणत्या निकषावर, हे वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यालाही ठाऊक नसते.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याच सातारा-सांगली परिसराने त्याचा फार मोठा धडा पाहिलेला आहे. १९५६ साली विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा निर्णय झाला आणि या नव्या राज्याचा नेता कोण, हा पेच काँग्रेस विधिमंडळ पक्षापुढे उभा राहिला. नेत्याची निवड एकमताने व्हावी, असा मोरारजी देसाई यांचा आग्रह होता. भाऊसाहेब हिरे स्पर्धेतून माघार घेईनात, तेव्हा मोरारजी बाजूला झाले आणि देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडचे प्रतिनिधित्व करणारे त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव चव्हाण पुढे आले. मतदान झाले. यशवंतरावांना ३३३ आणि हिरे यांना १११ मते पडली. मोरारजींचा कौल आणि गुजरातच्या आमदारांचा पाठिंबा ज्या पारड्यात पडला, ते पारडे खाली गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव मुख्यमंत्री झाले.

निवड नियमाला धरून होती. तथापि सभागृहाच्या भिंतींबाहेरचा महाराष्ट्र त्या वेळी काय म्हणत होता? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर रक्त सांडले होते, घराघरांत द्विभाषिकाविषयी संताप होता. तो संताप मतपेटीतून प्रकटला १९५७ मध्ये. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्या मताधिक्याने निवडून आले. त्यांचे मोठेपण असे की या कौलाचा अर्थ त्यांनी ओळखला, तो दिल्लीच्या गळी उतरवला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य साकारले.

या घटनेचा बोध एकेरी नाही. आतल्या मंडळींनी निवडलेला माणूस अकर्तबगार होता, असे त्यांचा विरोधकही म्हणणार नाही. बरोबर काम केलेल्यांना माणसाची पारख असते. ती सभेतल्या टाळ्यांवरून होत नाही. परंतु लोकांच्या मनातील वेदना मोजण्याचे माप त्यांच्यापाशी नसते. ते माप मतदारापाशीच असते. पारख आणि कौल यांची सांगड तुटली की पक्ष आंधळा होतो, नाही तर उथळ होतो.

अमेरिकेत गेलेल्या मुलांमुळे आपल्या अनेक घरांत आता तिथल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची चर्चा होते. तिथेही हीच रस्सीखेच दिसते. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने एकही प्राथमिक निवडणूक न लढलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली, शिकागोच्या रस्त्यांवर तरुणांची डोकी फुटली आणि पक्ष हरला. त्यानंतर नियम बदलले, सामान्य मतदारांनी प्रतिनिधी निवडावेत अशी व्यवस्था रूढ झाली. पुढे १९८२ मध्ये, लोकांचा कौल भरकटतो असे वाटून, पक्षातील ज्येष्ठांना 'सुपरडेलिगेट' म्हणून पुन्हा मताधिकार मिळाला. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांनी या पद्धतीविरुद्ध गदारोळ केला आणि २०१८ मध्ये चुरशीच्या लढतीतील पहिल्या फेरीचे मत ज्येष्ठांकडून काढून घेण्यात आले. तरीही जुलै २०२४ मध्ये जो बायडेन यांनी माघार घेतली, तेव्हा कमला हॅरिस यांची उमेदवारी प्रतिनिधींनीच ठरवली. त्यांच्या नावावर प्राथमिक फेरीत मतदारांनी शिक्कामोर्तब केलेले नव्हते. नोव्हेंबरात त्या पराभूत झाल्या. उलट, रिपब्लिकन पक्षातील धुरीणांचा विरोध असूनही २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प मतदारांच्या बळावर उमेदवार झाले. निर्दोष पद्धत त्यांनाही सापडलेली नाही. मात्र निदान तिथे नियम लिहिलेले आहेत, त्यांवर जाहीर भांडण होते आणि भांडणातून ते बदलतात.

आपल्याकडे तेवढेही नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदाराचे मत पक्षादेशाला बांधले. परंतु आदेश देणारे पक्षात कसे निवडले जावेत, यावर कायदा मौन बाळगतो. विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली होती. उमेदवार ठरवण्याची पद्धत मात्र आजही ज्या त्या पक्षाच्या मर्जीवर आहे. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, यावर आपल्या राज्याने २०१६, २०२० आणि २०२२ मध्ये दिशा बदलली. पण ज्यांच्यातून निवडायचे ती नावे कुणी ठरवली, हा प्रश्न कुणी विचारला नाही!

सहमतीने निर्णय घेण्याची परंपरा आपल्या संघटनात्मक जीवनात मोलाची आहे. निवडणुकीने गट पडतात, मने दुखावतात, हे खरेच. पण सहमती म्हणजे वरून आलेल्या नावावर मान डोलावणे नव्हे. ज्या बैठकीत 'नाही' म्हणण्याची मोकळीक असते, तिथल्याच 'हो'ला किंमत असते. ही कसोटी दुसऱ्या पक्षांना लावायची आणि स्वतःला विचारनिष्ठ म्हणवणाऱ्यांना सूट द्यायची, हे प्रामाणिकपणाचे नव्हे.

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे बरेच आहे. नावे निश्चित होण्यापूर्वी तालुक्यातील सदस्यांचे गुप्त मत घ्यावे. निकष आधी जाहीर करावेत. ज्याला नाकारले त्याला कारण सांगावे. आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या तासापर्यंत कागद खिशात दडवून ठेवण्याची रीत बंद करावी. यासाठी पैसा लागत नाही, केवळ कार्यकर्त्यावर विश्वास लागतो.

म्हसवडच्या श्री सिद्धनाथाचा रथ निघतो तेव्हा तो ओढायला असंख्य हात पुढे येतात. त्या हातांत श्रद्धा असते म्हणून तो जड रथ हलतो. पक्षाचा रथही अशाच अनाम हातांनी हलत असतो. रथ कुठे न्यायचा, हे ठरवताना त्या हातांना एकदा तरी विचारा. अन्यथा एक दिवस दोर तसेच जमिनीवर पडून राहतील आणि वर बसलेल्यांना रथ का थांबला, हेच उमगणार नाही.